नावं गोळा करणारी

बेट एवढंसं, की न्याहारी करून उजव्या हाताने निघालं
तर जेवणाआधी डाव्या हाताने परत.
मधे एकच डोंगर, जू उतरवलेल्या बैलाच्या खांद्यासारखा,
त्यावर दगडी बांधांच्या ओळी. गहू कधीच गेला,
बांध उरलेत, आणि त्यांच्यावर अंग खाजवणाऱ्या शेळ्या.

अथेन्सच्या कचेरीने मला वही दिली होती:
प्रत्येक खाडीचं, प्रत्येक खडकाचं नाव लिहून आण,
जुन्या नकाशात चुका आहेत.
जुन्या नकाशात अर्मिराची विहीर समुद्रात होती.
"तरीच पाणी मचूळ लागतं," पांडेलिस म्हणाला
आणि बोट सोडायला उठला.

गावं दोन, दोन्ही पाण्याच्या कडेला.
अर्मिरात हिवाळ्यात एकतीस माणसं, लिथारीत नऊ.
एक गाव दुसऱ्याला "ते लोक" म्हणतं.
मधलं अंतर बोटीने दीड सिगारेट.
मेल्तेमी सुटला तर दोन दिवस,
मग सिगारेटी मोजायच्या नाहीत, पावही मोजायचे नाहीत.

नावं झाबेताकडे होती.
उंबऱ्यावर बसून ती केपरच्या कळ्या निवडत होती,
मोठ्या एका थाळीत, बारीक दुसऱ्या,
आणि माझ्याकडे न बघता किनारा सांगत होती:
खेचराची उडी. आळशाचं बंदर.
हा सुळका म्हणजे हुंडा,
"माझ्या आजीला लग्नात दिलेला. त्यावर काय पिकतं?
समुद्रपक्ष्यांची शिट. पण दिला होता."
पलीकडची ती वाळूची पट्टी
लिथारीवाले म्हणतात देवाने दिली, आम्ही म्हणतो चोरांची.
एकदा तिथे तेलाची पिंपं वाहून आली होती,
सगळी त्यांनाच सापडली.
"दोन्ही लिही," ती म्हणाली. "आमचं आधी."

दुपार कलली. दोरीवरचा ऑक्टोपस आखडून
अर्धा झाला. कोंबडी माझ्या पिशवीत डोकावून गेली.
शेवटी उत्तरेची खाडी राहिली,
जिथे डोंगर सरळ पाण्यात उतरतो, पायऱ्या न करता.
"हिला नाव?"
झाबेताने निवडलेल्या कळ्या पुन्हा एकत्र केल्या
आणि पहिल्यापासून निवडायला घेतल्या.
"आहे," म्हणाली.
मी पेन्सिल धरून बसले.
"आहे म्हटलं ना."

परतताना पांडेलिसने इंजिन बंद केलं,
कारण सांगितलं नाही.
खाडीत पाणी काळं, हिरव्याच्याही खालचं.
स्पंज काढणाऱ्यांची एक बोट, तो म्हणाला, खूप वर्षांपूर्वी.
तिचा धाकटा भाऊ दोर घेऊन खाली गेला.
दोर वर आला.
मग हाताच्या ओंजळीत त्याने सिगारेट पेटवली.
अर्धी संपेपर्यंत आम्ही तिथे होतो, हे मी वहीत लिहिलं,
अंतराच्या रकान्यात.

नावाचा रकाना मोकळा ठेवला.
कचेरीत साहेबांनी दोनदा बोट ठेवून विचारलं,
मी दोनदा म्हणाले, आहे.

पुढल्या वसंतात नकाशा बोटीने बेटावर गेला,
मीठ आणि गॅसच्या टाक्यांबरोबर. मीही गेले.
झाबेताने तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार बरण्या,
भिंग लावून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेली:
उडी, बंदर, हुंडा (इथे थांबली, हसली),
चोर आधी, देव नंतर, बरोबर.
उत्तरेला कागद पांढरा होता.
तिथे तिने अंगठा ठेवला, शाईशिवाय,
बराच वेळ,
जसा तव्याचा ताप बघतात तसा.
"नीट छापलंय," म्हणाली.

विहीर मात्र यंदाही समुद्रातच.